नदाच्या विहिरीपर्यंत

बखीतमामाला एक विहीर साफ करायची होती. एवढ्यासाठीच आम्ही वाळूत निघालो. पण ती विहीर कुठल्याही नकाशावर नव्हती. ती होती मामाच्या डोक्यात, आणि मामाला शहात्तर वर्षं पूर्ण झाली होती.

बावीस वर्षांचा असताना तो एका सोबत्याबरोबर उंटांवरून रमला ओलांडत होता. बाहेरचे लोक तिला 'रिकामा प्रदेश' म्हणतात, आम्ही नुसतं रमला. पाणी संपून तीन दिवस झाले होते. नदा नावाच्या खोलगट जागेत उंट अडून बसले. दोघांनी हातांनी उकरलं आणि कोपरभर खाली गोड पाणी लागलं! निघताना विहीर बुजू नये म्हणून त्यांनी तोंडावर गाफ झाडाच्या फांद्या आणि कातडं टाकलं. मामा फांद्यांवर तळवा ठेवून नवस बोलला, "परत येईन. तळापर्यंत साफ करीन. पुढच्या तहानेल्याला उकरावं लागणार नाही."

मग तेलाच्या कंपनीत नोकरी लागली, थुमरैत गावात घर झालं, मुलं झाली. मध्ये चोपन्न वर्षं गेली.

"अल्लाने मला विसरू दिलं नाही," मामा मला म्हणाला, "मीच विसरल्याचं सोंग केलं. तुफूल, आता उशीर केला तर ती जागा माझ्याबरोबरच कबरीत जाईल."

त्याच्या आवाजाने मी हलले. नवस ही काय चीज आहे, ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "मामा, जाऊ या."

जानेवारीत जायचं ठरलं. माणसं चार, गाड्या दोन. एकट्या गाडीने रमलेत जायचं नाही, हा नियम लहान मुलालाही पाठ असतो. एक गाडी मामाच्या मुलाची, महादची. तो गाड्यांच्या कारखान्यात मिस्त्री, प्रत्येक गोष्ट दोनदा मोजणारा. दुसरी पिकअप त्याच्या थोरल्या बहिणीची, ग़ाबिशाची. तिने वयाच्या बाराव्या वर्षापासून वाळूत गाडी चालवली आहे, आणि ते ती कोणाला विसरूही देत नाही.

आठवडाभर मामाच्या ओसरीला पाय ठेवायला जागा नव्हती. यादी माझ्या हातात, शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर. सगळ्यांत आधी पाणी. माणशी दिवसाला आठ लिटर, पाच दिवस, म्हणजे वीस-वीस लिटरचे आठ कॅन. मग डिझेल. दर गाडीला दोन जादा चाकं. वाळूत रुतलं की चाकाखाली घालायच्या लोखंडी फळ्या, ओढायचा पट्टा, हवेचा पंप, रेडिओ. बॉनेटवर उंच काठी आणि तिला लाल झेंडा, म्हणजे टेकाडापलीकडून येणाऱ्याला आधी झेंडा दिसतो. विहिरीसाठी दोर, बादली, दोन फावडी, गाफच्या चार जाड फळ्या.

"फळ्या छपरावर बांधू," महाद म्हणाला.

"बांध की," ग़ाबिशा म्हणाली. "आणि त्यावर तूही बस. उतारावर गाडी कलंडली की आधी तूच कळवशील."

"अगं, आत जागा कुठाय?"

"तुझी ती गादी काढ. चाळीशीही झाली नाही आणि गादी हवी! जड सामान खाली, दोन चाकांच्या मध्ये. छपरावर फक्त चटया. अब्बा, सांगा याला."

मामाने कॉफीचा पेला हलवून ठेवला. म्हणजे पुरे. कॉफीही आणि वादही.

ग़ाबिशाने आमची परीक्षाही घेतली. डोळे बांधून प्रत्येकाने फावडं, पट्टा आणि औषधांची पेटी शोधायची! मला तिन्ही सापडली. महादच्या हाताला खजुराची पिशवी लागली आणि त्याने एक खजूर खाऊनही टाकला.

निघायच्या आदल्या दिवशी नातेवाईक आले आणि यादी कोलमडली. कोणी हलव्याची टोपली आणली, कोणी ऊद, कोणी तांदळाचं पोतं. धाकट्या मावशीने तर जिवंत बोकडच आणला! "रमलेत पाहुणा भेटला तर काय त्याच्यापुढे बिस्किटं ठेवाल?" नाही म्हणता येत नाही. बोकड आम्ही घेतला, आणि वाटेतल्या शेवटच्या वस्तीवर अबू सुहैल यांच्या दारात बांधला. ते आमचे यजमान. त्यांनी त्याच बोकडाची मेजवानी आम्हाला दिली. तोंड भरून हसत म्हणाले, "आमच्या घरून कोणी काही कमी घेऊन जात नाही."

रात्र त्यांच्याकडेच काढली. पहाटे नमाज आटोपून बाहेर येते, तो त्यांचे मुलगे आमच्या गाड्या पुसत होते. पाण्याचे कॅन काठोकाठ भरलेले, झाकणं घट्ट.

"मी एकदा बघून घेतो," महाद पुटपुटला.

मामाने त्याचा दंड धरला. "यजमानाने भरलेलं भांडं उघडून बघतोस? त्यांच्या दारात?"

महादने हात मागे घेतला. आम्ही कोणीच झाकण उघडलं नाही.

वस्ती मागे पडली. चाकं रुतू नयेत म्हणून त्यांतली हवा पस्तीस पौंडांवरून पंधरावर आणली आणि रमला सुरू झाली. मी इथलीच, तरी दर वेळी मान वर करून बघत राहते. तांबूस डोंगरच्या डोंगर, कित्येक दोनशे मीटर उंच, आणि त्यांच्यावर एक पाऊल नाही, एक सावली नाही. वाऱ्याने काढलेल्या बारीक रेघा मात्र माथ्यापासून पायथ्यापर्यंत, जशी कोणी निगुतीने घडी घालून ठेवली आहे. एवढं मोठं काम आणि बघायला कोणी नाही! मी मनातल्या मनात 'सुभानल्लाह' म्हणत राहिले, आणि महाद इंजिनाचा आवाज ऐकत राहिला.

दिवसभर खजूर, रोट्या, बाटल्यांतलं पाणी आणि थर्मासातली कॉफी यांवर तिघांचं भागलं. माझा मात्र खुशीचा रोजा होता. ऊन टेकाडामागे गेलं तेव्हा वस्तीपासून चौऱ्याण्णव किलोमीटर झाले होते. मुक्काम टाकला. मी कॅनमधून पेला भरला, 'बिस्मिल्लाह' म्हणून घोट घेतला.

कडू! कुजक्या अंड्यांचा वास, वर मिठाचा खार. मी तोंड फिरवलं.

"काय झालं?" ग़ाबिशा धावली. तिने चव घेतली, थुंकली. एकामागून एक आठही झाकणं उघडली. आठही कॅन तसेच!

मग सगळ्यांना उमगलं. आमचं पाणी दोन दिवसांचं शिळं, म्हणून त्या मुलांनी ते ओतून दिलं होतं. पाहुण्यांना शिळं पाणी कसं द्यायचं? आपल्या विहिरीचं ताजं पाणी त्यांनी मानाने भरलं. ती माणसं उंटिणीच्या दुधाबरोबर तेच पितात. आमची पोटं मात्र आता शहराची झाली आहेत. ते प्यायलो असतो तर रात्रीत जुलाब होऊन अंगातलं होतं तेही पाणी गेलं असतं.

"मी बघणार होतो," महाद हळूच म्हणाला. "अब्बा, मी बघणारच होतो."

मामा वाळूवर बोटाने रेघ ओढत बसला.

उरल्या बाटल्या मोजल्या, तेरा लिटर. माझ्या पायाशी वजूसाठी, नमाजाआधी हातपाय धुवायला, घरून भरलेला एक छोटा कॅन होता. तो त्या मुलांच्या नजरेस पडला नव्हता. त्यात दहा. मी तो मध्ये आणून ठेवला. पाणी नसलं तर स्वच्छ मातीने वजू होतो, आणि रमलेहून स्वच्छ माती कुठली!

"तेवीस," महाद म्हणाला. "परतीला एक दिवस. काही मोडलं तर दुसरा. सकाळीच वळायचं."

"सोळा किलोमीटर राहिलेत," मामा म्हणाला. "आणि तिथे गोड पाणी आहे."

"होतं! चोपन्न वर्षांपूर्वी होतं! तुमच्या आठवणीवर चार जीव टांगू?"

"आवाज खाली," ग़ाबिशा म्हणाली. "बापाशी बोलतोयस."

मी मामाजवळ बसले. "मामा, नवस फेडणं खरंच जमलं नाही, तर दहा गरिबांना जेवू घालायची सोय धर्मानेच ठेवली आहे."

"जमलं नाही तर," मामा म्हणाला. "मी अजून प्रयत्न तरी कुठे केलाय, तुफूल?"

शेवटी ठरलं, उद्या दुपारच्या नमाजापर्यंत शोधायचं. सूर्य डोक्यावर आला की वळायचं, विहीर सापडो न सापडो. चौघांनी शब्द दिला.

पहाटे तंबूचं दार उघडलं, तर जग नव्हतं! समुद्रावरून आलेलं धुकं सगळ्या खोलगट भागात भरलं होतं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. गाडी काढणं अशक्य! वेळ चालला होता. महाद येरझाऱ्या घालत होता. मामा मात्र उठला आणि त्याने ताडपत्र्या, कांबळी, चटयासुद्धा टेकाडाच्या अंगावर उभ्या ताणायला लावल्या. तासाभरात काठांवरून थेंब गळायला लागले. टप. टप. खाली पातेलं. पाच लिटर पाणी हवेतून मिळालं! लोकरीचा वास येत होता, पण गोड होतं.

नऊ वाजता आम्ही पायी माथ्यावर चढलो. वर आलो. खाली पांढरा समुद्र, क्षितिजापर्यंत. त्यातून वाळूचे फक्त तांबडे माथे वर आलेले, बेटांसारखे, आणि त्या पांढऱ्यावर आमच्या सावल्या पडलेल्या, डोक्याभोवती रंगांचं कडं घेऊन. ग़ाबिशासारखी बडबडी बाई गप्प! मी गुडघे टेकले. दुसरं काय करणार होते?

"ते दोन माथे," मामाने बोट दाखवलं. "बसलेल्या उंटिणीसारखे. मान इकडे, वशिंड तिकडे. नदा त्यांच्या मध्ये आहे!"

धुकं विरलं आणि आम्ही सुटलो. वाट जेमतेम, पण मामाला घेऊन ग़ाबिशाची पिकअप झेंडा फडकवत पुढे, महाद आणि मी मागे. साडेदहाला शेवटचा कडा आला. पलीकडे नव्वद मीटरचा उभा उतार!

रेडिओवर ग़ाबिशाचा आवाज आला. "सरळ खाली ये! ब्रेक नको. चाक वळवू नको!"

तिची गाडी काठावरून गायब झाली. मग आमचं नाक खाली झुकलं. आणि वाळू ओरडली! एक खोल, भरलेला घुमारा, जमिनीच्या पोटातून. माझे दात हलायला लागले.

"गिअरबॉक्स गेला!" महादने घाबरून ब्रेक दाबला.

गाडी आडवी झाली. कललो! माझी खिडकी वाळूला भिडायच्या बेतात आली.

"महाद! उताराकडे वळव! गॅस दे!" रेडिओ किंचाळला.

त्याने चाक फिरवलं. इंजिन गरजलं. एक क्षण दोन चाकं हवेत! छपरावर चटयांशिवाय काही नव्हतं, जड सगळं तळाशी होतं. गाडी डुलली, विचार केल्यासारखी थांबली आणि धप्प करून चारही चाकांवर आली. सरळ खाली! तळाशी थांबलो तरी टेकडी गातच होती.

मामा पिकअपमधून उतरून आमच्याकडे आला. "गिअरबॉक्स नाही रे. वाळू घसरली की ही टेकडी बोलते. तेव्हाही अशीच बोलली होती."

नदा म्हणजे कडक पांढऱ्या जमिनीचा लांबट वाडगा, वर वाळूचा थर. विहिरीची खूण नाही, दगड नाही, लेंडी नाही. मामाने तंबूची लोखंडी कांब घेतली आणि दोन माथ्यांकडे बघत पावलं मोजायला लागला. कांब खुपसायची, काढायची. अकरा वाजले. कांब खुपसायची, काढायची. आमच्या सावल्या आखडत पायाशी येत होत्या. सव्वाअकरा. साडेअकरा. मामा कांबेला कोणाला हात लावू देईना.

ठक!

आवाज मऊ होता. लाकडाचा. मामा तिथेच बसला.

महादने फावडं उचलण्याआधी हातांनीच वाळू उपसायला सुरुवात केली. कोपरभर खाली काळ्या पडलेल्या गाफच्या फांद्या लागल्या, मध्ये कातड्याचा वाळका तुकडा. त्याने एका फटीतून हात खाली घातला आणि मूठभर वाळू वर काढली. थंड. ओली!

मामाने ती चिमटीत घेतली, जिभेला लावली.

"गोड आहे," तो म्हणाला.

आणि सूर्य डोक्यावर आला.

आम्ही वाळूनेच वजू केला आणि नमाज पढलो. शेवटचा सलाम फिरवून नमाज संपला तशी महादने फावडं घेतलं. "एक तास द्या, अब्बा. फांद्या काढतो. पाणी हाताशी आहे!"

"फांद्या काढल्या की कडेची वाळू आत येणार," मामा म्हणाला. "काठ बांधायला दोन दिवस लागतात. आपल्याजवळ पाणी आहे तेवढं, आणि गाडी एकदा कललीय."

"पण तुमचा नवस! काल तुम्हीच..."

"काल ही विहीर नुसती माझ्या डोक्यात होती. ती माझ्याबरोबरच हरवेल, म्हणून मी अडून बसलो होतो. आता ती तुम्हीही पाहिलीत, अडून बसायची गरज नाही. फावडं ठेव."

महादचे डोळे भरले होते. तो हट्ट धरून उभा होता, काल बाप होता तसा.

मग मामाने त्याला विहिरीकडे पाठ करून उभं केलं. "काय दिसतं?"

"उंटिणीची मान. डावीकडे."

"वशिंड?"

"उजव्या खांद्यावर."

"इथून मानेच्या पायथ्यापर्यंत किती पावलं?"

महादने मोजली. मामाने त्याला तीनदा मोजायला लावली, मग ग़ाबिशाला, मग मला. महाद जीपीएस यंत्रात जागेचे आकडे टिपायला गेला तर म्हणाला, "तेही कर. पण आधी पायांनी."

शेवटी महाद खड्ड्याशी गुडघ्यांवर बसला. काळ्या फांद्यांवर त्याने तळवा ठेवला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "परत येईन. तळापर्यंत साफ करीन."

"कधी?" मामाने विचारलं.

"पुढच्या हिवाळ्याचं धुकं पडायच्या आत."

आम्ही आणलेल्या चार फळ्या फांद्यांवर आडव्या घातल्या, त्यावर वाळू लोटली. मामाने शेवटची ओंजळ स्वतः टाकली आणि हात झटकून गाडीत जाऊन बसला, मागे न बघता.