पंपावरचा डोळा

"कृष्णात, सरक! तुझं डोकं मध्ये येतंय!"

"डोकं आहेच माझं मोठं. साताऱ्याच्या हुशार मुलांची अशीच असतात!"

"आत काही असतं, तर एव्हाना सरकला असतास!" चंदनबालेनं साताऱ्याहून आलेल्या या दोस्ताला कोपरानं ढकललं आणि खोक्यावरची बटणं दाबली. एक, शून्य, मग 'पाहा'चं बटण. काळ्या काचेत लाल आकडा उजळला : १.

"मोटर चालू!" ती ऐटीत म्हणाली. "नदी दोन मैलांवर, आणि आपल्याला माडीवर बसून कळलं!"

खोकं दिसायला साधंच होतं. पण खरी करामत इथं नव्हतीच. ती होती कृष्णाकाठच्या पंपघरात. शाळेच्या पाटीएवढी एक हिरवी पट्टी, तिच्यावर मुंगळ्यांसारखे काळे तुकडे, की झाला संगणक! एकोणीसशे एकोणऐंशी साल चाललं होतं. संगणक हा शब्दही गावात कुणाला धड म्हणता येत नव्हता. चंदनच्या सुकुमारकाकांनी तो परदेशी गेलेल्या मित्राकडून मागवला होता. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा, खोक्यालाही तशीच एक होती, त्यामुळे वीज गेली तरी त्यांचं काही अडत नसे. पंपघरापासून माडीपर्यंतची तार बाभळी-चिंचांवरून ओढली होती चंदनच्या दुसऱ्या दोस्ताच्या, जोतीरामच्या, वडलांनी. ते फौजेत, सिग्नलमध्ये होते. बिचारे सुट्टीवर आले आणि निम्मी सुट्टी झाडांवर चढण्यात घालवून परत गेले! त्या तारेतून माडीवरचं खोकं नदीवरच्या संगणकाशी बोलायचं.

"संगणकाच्या पोटात खाने असतात, पोस्टातल्यासारखे," काकांनी मुलांना समजावलं होतं. "नंबर दाबला की त्या खान्यात काय आहे ते दिसतं. दहावा खाना मोटरचा. एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. अकराव्यात डोळ्याला किती उजेड दिसतोय त्याचा आकडा. आणि विसाव्या खान्यात इथून एक लिहिलंत, की तिथं भोंगा वाजणार!"

हा डोळा म्हणजे उजेड ओळखणारा हरभऱ्याएवढा तुकडा. चंदनचे आजोबा तात्यासाहेब पाणी सोसायटीचे चेअरमन. त्यांनी काकांना आधीच बजावलं होतं, "तुझा खेळ तू कर, पण माझ्या मोटरला हात लावायचा न्हाई!" मग काकांनी काय केलं? मोटर चालू असली की स्टार्टरवर लाल दिवा लागतो. त्या दिव्यासमोर, फळीवर, त्यांनी हा डोळा बसवला. दिवा दिसला की डोळा म्हणणार, मोटर चालू. भोंगा वाजला की पंपावरच्या माणसानं डोळ्यावर तळहात ठेवायचा, म्हणजे 'ऐकलं बरं का' असा निरोप माडीवर पोचायचा. सगळं कसं झकास जमलं होतं!

इतक्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि जोतीराम धापा टाकत वर आला.

"पाणी बंद झालंय! आमच्या पाटात दुपारधरनं टिपूस न्हाई!"

"असं कसं? मोटर तर चालू आहे. हा बघ एक!"

"मागच्या पाळीलाबी तुज्या डबड्यानं ह्योच एक दावला हुता!" जोतीराम कडाडला.

मागच्या पाणीपाळीची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. जोतीरामचं रान पाटाच्या अगदी शेपटाला. नवरा फौजेत, म्हणून त्याची आई राहीबाई एकटीच ऊस बघायची. मागच्या पाळीला तिच्या रानात दुपारीच पाणी तुटलं. तिनं तक्रार केली, पण पंपवाला ज्ञानू गळ्याची शपथ घेऊन म्हणाला, "दिवस मावळंस्तवर मोटर चालू हुती." आणि माडीवरच्या खोक्यानंही तेच सांगितलं! दोन साक्षी एकीकडे आणि राहीबाई एकीकडे. "बाई, तुझा डोळा लागला आसंल, पाणी कुटं फुटलं कळलं नसंल," असं म्हणून तात्यासाहेबांनी पुन्हा पाणी द्यायला नकार दिला.

"उसाची पानं गुंडाळाय लागल्यात," जोतीराम म्हणाला. "आज दिवस मावळला की पाळी संपली. ऊस तर जाईलच, आन् वर आमची आईच खोटी ठरंल! पुन्यांदा!"

चंदनला फार वाईट वाटलं. राहीमावशीला खोटं पाडलं होतं ते तिच्याच लाडक्या खोक्यानं. तिनं पदर... छे, ती कुठली पदर लावायला! तिनं फ्रॉकच्या बाहीनं घाम पुसला आणि वर पाहिलं. मग बाही तशीच कपाळावर ठेवून ती पाहतच राहिली.

"कृष्णात, हा पंखा कधीपासून बंद आहे?"

"जेवणापासून. लाइट गेलीय ना! मी मघापासून उकडून बटाटा झालोय, आणि तू आत्ता विचारतेस?"

"अरे, गावाची आणि पंपाची लाइन एकच आहे!"

"मग?"

"मग वीज नसताना मोटर चालू कशी?"

कृष्णातनं 'पाहा'चं बटण पुन्हा दाबून पाहिलं. आकडा मात्र काचेत निर्लज्जासारखा तसाच उजळलेला होता : १.

"डबडं बिघडलंय," जोतीरामनं निकाल दिला.

"थांब! बिघडलंय की फसलंय, ते त्यालाच विचारू." चंदननं अकरावा खाना उघडला. आत्तापर्यंत कुणी तो उघडायच्या भानगडीत पडलं नव्हतं. हो-नाही कळल्यावर अधिक विचारतो कोण? काचेत आकडे उमटले : बावन्न. लगेच अठ्ठावन्न. सत्तेचाळीस. साठ. एक आकडा जागेवर ठरेल तर शपथ!

"बल्ब लुकलुकतोय," कृष्णात म्हणाला.

"वीजच नाही, तर बल्ब कुठला, शहाण्या? डोळ्यासमोर काहीतरी उजेड आहे, आणि तो हलतोय. मोठा होतोय, बारीक होतोय..." बोलता बोलता तिची नजर जिन्यावरून खाली गेली. खालच्या देवघरात दिव्याची ज्योत वाऱ्यानं डुलत होती. चंदन टाळी वाजवून ओरडली, "ज्योत! डोळ्यासमोर तेलाचा दिवा आहे!"

"ज्ञानूमामा!" जोतीरामनं कपाळावर हात मारला.

आता ज्ञानूमामाबद्दल सांगायलाच हवं. माणूस लोण्याहून मऊ, पण कामात तितकाच ढिला. आणि भाविक इतका, की लोक दसऱ्याला यंत्राची पूजा करतात, तर हा रोज करायचा. मोटरला हळद, पट्ट्याला कुंकू, स्टार्टरला झेंडूचं फूल! मग पंपघरात नवा संगणक आल्यावर तो उपाशी राहील होय?

"नव्या देवापुढं दिवा लावला असणार," चंदन म्हणाली. "आणि नेमका डोळ्यासमोर! डोळा बिचारा म्हणतोय, दिवा दिसतोय, म्हणजे मोटर चालू!"

"पर ज्ञानूमामाला दिसत न्हाई व्हय मोटर बंद हाय ते?"

"असला तर दिसेल ना! थांब." तिनं विसाव्या खान्यात एक लिहिलं. दोन मैलांवर भोंगा बोंबलला असणार. पण माडीवर कसला आवाज येतोय? तिघेही अकराव्या खान्यावर डोळे लावून बसले. तळहात पडला की आकडा शून्य व्हायला हवा. छे! पंचावन्न, एकोणपन्नास, एकसष्ट. ज्योत मजेत नाचत होती. तिला झाकायला पंपघरात कुणीच नव्हतं.

"आजोबांना सांगू या!" कृष्णात उठलाच.

"ते म्हणतील, पोरांनो, खोकं एक दाखवतंय, मोटर चालू आहे, जा खेळायला." चंदननं क्षणभर ओठ चावला. मग तिचे डोळे चमकले. "आजोबांचा खोक्यावर विश्वास आहे ना? मग खोक्याकडूनच वदवू! तुम्ही दोघं सायकलवर पंपघरात जा. मोटरला हात लावायचा नाही. डोळ्यापाशी उभं राहायचं. मी आजोबांना वर आणलं की भोंगा वाजवीन. मग डोळा टोपीनं तीनदा झाका आणि उघडा!"

"माझी टोपी? नवी आहे!" कृष्णात कळवळला.

"चल रं गड्या, टोपी काय उसापरास मोठी हाय व्हय?" जोतीरामनं त्याला दंडाला धरून जिन्याकडे ओढलंच.

खाली तात्यासाहेब पाटावर जेवायला बसले होते. जैनांचं घर, जेवणं दिवस मावळायच्या आत आटपायची. त्या वेळी आजोबांना ताटावरून उठवणं म्हणजे साखर कारखान्याचा भोंगा बंद कर म्हणण्यासारखं. पोरं पंपघरात पोचेपर्यंत चंदननं वाट पाहिली, आजोबांची भाकरी संपत आलेली पाहिली आणि मग समोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, पाच मिनिटं माडीवर चला. राहीमावशीच्या पाण्याचा प्रश्न आहे."

"अगं, त्याचा निकाल लागलाय मागंच."

"चुकीचा लागला असेल तर?"

तात्यासाहेबांनी भुवया वर केल्या. चुकीचा निकाल? त्यांचा? पण नातीचा चेहरा थट्टेचा नव्हता. हात धुऊन, कण्हत-कुथत ते जिना चढले.

"हा दहावा खाना. काय दिसतंय?"

"एक. मोटर चालू."

"आणि पंखा?"

तात्यासाहेबांनी वर पाहिलं. मग खोक्याकडे. मग पुन्हा वर. "लाइट न्हाई..." ते पुटपुटले.

"आता बघा हं." चंदननं भोंग्याचा एक लिहिला आणि अकरावा खाना उघडला. सायकलची साखळी पडली असेल तर? कृष्णातनं ऐन वेळी टोपी दिली नाही तर?

सत्तावन्न. पन्नास. शून्य!

शून्याचे दोन आकडे काचेत स्थिर उभे राहिले. मग पुन्हा त्रेपन्न. पुन्हा शून्य. पुन्हा उजेड. आणि तिसऱ्यांदा शून्य!

"ही कृष्णात-जोतीरामनं डोळ्यावर धरलेली टोपी, आजोबा! ते दोघं पंपघरात आहेत. मोटर बंद आहे आणि डोळ्यासमोर तेलाचा दिवा तेवतोय. राहीमावशी खरंच बोलत होती!"

तात्यासाहेब खुर्चीत टेकले. एवढा मोठा माणूस, पण चेहरा अगदी पडला. "त्या माउलीला मी चारचौघांत खोटं पाडलं गं," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात खालून हाक आली. "तात्यासाहेब! हाईसा का?"

ज्ञानूमामा! पाळी संपत आली की पंपाची हकिगत सांगायला यायचा त्याचा रिवाज होता. तो माडीवर आला तो धुवट सदरा, नवा पटका, आणि सदऱ्यावर छातीशी तळहाताएवढा पिवळाधमक डाग.

"मोटर रोंरावतीया बगा!" तो म्हणाला. "दिसभर जाग्यावरनं हललो न्हाई."

तात्यासाहेब काही बोलणार, तोच चंदननं त्यांचा हात दाबला आणि तोंड अगदी भाबडं करून विचारलं, "ज्ञानूमामा, मघाशी भोंगा वाजल्यावर डोळा तीनदा झाकला, तो तुम्हीच ना?"

"व्हय की पोरी! मीच! दुसरं कोण हाय तितं?"

"अहो, मघाशी म्हणजे आत्ता! तुम्ही खालून हाक मारलीत ना, त्याच्या आधी घोटभर पाणी पिऊन होईल एवढ्यात."

ज्ञानूमामा पटका सारखा करू लागला.

"दोन मैल उडत आलास काय रं?" तात्यासाहेब गरजले. "आन् ह्यो डाग कसला? मोटरीत आंब्याचा रस घालतोस व्हय?"

मग काय, सगळं बाहेर आलं. माधवनगरच्या साडूनं आमरसाला बोलावलं होतं. मागच्या पाळीलाही, आजही. "म्हटलं, आता यंत्र लक्ष ठिवतंय, आपलं काय काम? दिव्यात तेल घातलं, पाया पडलो, म्हटलं देवा सांबाळ... परत आलो तवा मोटर बंद. भ्यालो, तात्यासाहेब! म्हनून खोटं बोललो." त्यानं खरोखरीच कान पकडले. आज तर स्वारी यष्टीतून उतरून पंपघराचं तोंडही न बघता सरळ इथं आली होती.

आणि त्याच क्षणी डोक्यावर घरघर झाली. पंखा फिरू लागला. वीज आली!

"पळ!" तात्यासाहेब ओरडले. "सायकल घे माझी! आपणहून चालू व्हायला मोटर काय आमरस वाढणारी तुझी मेव्हणी हाय? बटण दाबायला माणूस लागतंय!"

ज्ञानूमामा सुटला. तात्यासाहेब खोक्याकडे वळले आणि कधी नव्हे ते नातीला म्हणाले, "तो भोंगा कसा वाजवायचा, दाव जरा." आणि ज्ञानू पोचेपर्यंत चेअरमनसाहेब भोंगा वाजवतच राहिले! पंपघरात कृष्णात-जोतीराम कानात बोटं घालून बसले होते, हे त्यांना कोण सांगणार?

थोड्या वेळानं अकराव्या खान्यातलं नाचणं थांबलं. पंच्याऐंशी. पंच्याऐंशी. आकडा जागचा हलेना. पोरांनी तेलाचा दिवा खिडकीत नेऊन ठेवला होता आणि आता डोळ्याला खरा लाल दिवा दिसत होता. मोटर चालू, खरोखरीची!

"राहीबाईची पाळी आज मावळतीला संपत न्हाई," तात्यासाहेबांनी जाहीर केलं. "ऊस पुरता भिजंस्तवर पाणी तिचंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः काठी टेकत पाटाच्या शेपटापर्यंत चालत गेले. बरोबर मुलं होती, मिरजेहून रात्री परतलेले सुकुमारकाका होते आणि मान खाली घातलेला ज्ञानूमामाही. सरीसरीतून पाणी खळाळत होतं. राहीबाई गुडघाभर चिखलात उभी होती.

"राहीबाई, तू खरं बोलत हुतीस," तात्यासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "चुकलं माझं."

राहीबाईनं पदर डोळ्यांना लावला. जोतीरामची मान मात्र अशी ताठ झाली, की विचारू नका!

"चुकलं माझंही," काका म्हणाले. "मी डोळा बसवला, पण त्याच्यापुढं कोण काय ठेवील याचा विचारच केला नाही. आणि हो की नाही एवढंच विचारत राहिलो. चंदननं पुढचा प्रश्न विचारला! आता या खोक्याचा कारभार या तिघांकडे."

"पोरांनी गावाची अब्रू राखली," तात्यासाहेबांनी चंदनच्या डोक्यावर हात ठेवला. "आन् ज्ञानू, दिवा लाव हवा तर. पण मोटरीपाशी माणूस पायजे!"

"माझ्या टोपीला तेलाचा डाग पडलाय, तिचं कुणी काही बोलतच नाही," कृष्णात कुरकुरला. सगळे हसले.

राहीबाईही हसली. मग कमरेला पदर खोचून म्हणाली, "तात्यासाहेब, आजच्याला पुरणपोळी करते. तुमच्या त्या पाटीवरच्या देवाला निवद दाखवीन म्हन्ते." आणि ज्ञानूमामाकडे पाहून तिनं पुढं जोडलं, "पर दाराच्या भाइरनं! त्याच्या डोळ्याफुडं न्हाई!"