धुक्यात गाडीपुढे चालणारे काका

ही रात्रीची गोष्ट नाही, हे आधीच सांगतो. दुपारचे पावणेचार वाजले होते. रविवार होता. आणि जिच्यावर हे बेतलं, ती माझी सख्खी मावशी आहे. कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मी तिच्याच तोंडून ऐकलंय.

मावशी ड्रायव्हिंग शिकवते. बावीस वर्षं झाली. अर्ध्या गावाला तिने क्लच कसा सोडायचा ते शिकवलंय. आणि निम्म्यांना रडवलंय. काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, चष्म्यांचं दुकान आहे. माणूस शांत, हसरा, आणि एकाच गोष्टीचा वेडा... घाट!

रविवार आला की दोघं गाडी काढणार, कुठला तरी नवीन घाट चढणार, माथ्यावर उभं राहून खाली बघणार आणि एक दगड उचलून घरी आणणार. गॅलरीत एकतीस दगड होते. बत्तिसाव्यासाठी ते त्या दिवशी निघाले.

चढताना लख्ख ऊन होतं. माथ्यावर दोघांनी थर्मासमधला चहा घेतला. उतरताना चौथ्या वळणावर धुकं आलं.

आलं म्हणजे, समोरून चालत आलं. पाच मिनिटांत बॉनेटच्या पुढचं काही दिसेना.

"थांबूया का?" मावशीने विचारलं.

"वळणावर थांबलो तर मागून कोणीतरी येऊन ठोकेल. मी उतरतो. पुढे चालतो, तू माझ्या मागे ये."

"अहो, चष्मा पुसत बसाल तिथे!"

"तू नुसती शिव्या देत ये. मला कळेल तू मागे आहेस."

काकांच्या अंगात केशरी जॅकेट होतं. ते गाडीच्या पुढे जेमतेम सहा हातांवर चालायला लागले. दर दहा-बारा पावलांनी वळून बघायचे, हात हलवायचे. मावशीने काच चार बोटं खाली ठेवली होती. त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. करकर... करकर...

दोन वळणं गेली.

मग मावशीच्या लक्षात आलं, काका बऱ्याच वेळात वळले नाहीत.

"अहो!" तिने हाक मारली.

केशरी पाठ चालतच राहिली.

तिने कान दिला. इंजिनचा आवाज येत होता. बुटांचा...

बुटांचा आवाज येत नव्हता.

मावशी म्हणते, डोळे फसतात, पण बावीस वर्षांनंतर हात फसत नाहीत. स्टिअरिंग एकदम वेगळं थरथरलं. चाकाखाली डांबर नव्हतं. खडी होती. कडेचे पांढरे दगडही कधीच संपले होते.

तिने ब्रेक दाबला.

पुढची पाठ थांबली. वळली नाही. नुसता एक हात वर झाला.

ये.

"अहो, रस्ता चुकलोय आपण! इकडे या आधी!"

हात पुन्हा हलला.

ये... ये...

आणि तेवढ्यात शेजारच्या सीटच्या काचेवर टकटक झाली.

"अगं, कुठे निघालीस? दार उघड!"

काका होते. केशरी जॅकेट, चष्मा, सगळं तेच. काचेला अगदी तोंड लावून उभे होते.

मावशीच्या जिवात जीव आला. तिने लॉककडे हात नेला. आणि सहज समोर पाहिलं.

पुढचे काका अजून तिथेच उभे होते.

"उघड ना. पाय मुरगळलाय माझा. उभं राहवत नाहीये."

आवाज त्यांचाच होता. कण्हणंही त्यांचंच. मावशीचा हात लॉकवर होता. गाडीत गारठा इतका की तिच्या स्वतःच्या श्वासाने काच पांढरी होत होती.

आतल्या बाजूने.

बाहेरच्या बाजूने काच स्वच्छ होती. ते बोलत होते, ओठ काचेला टेकले होते, तरी...

काचेवर वाफ धरत नव्हती.

तिने हात मागे घेतला. आपल्या बाजूची काच वर केली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, चारही दारं लॉक झालीत ना ते पाहिलं.

"अगं, असं काय करतेस? मी आहे. थंडी वाजतेय मला."

तिने किल्ली काढून मुठीत धरली.

"तीस वर्षं संसार केलास माझ्याशी. मला बाहेर ठेवणार?"

मावशी म्हणते, तो पुढे उभा होता त्याची मला तेवढी भीती नाही वाटली. भीती वाटली ती ह्याची. कारण हा खरा असला तर? खरंच ह्यांचा पाय मुरगळला असला तर? मी नवऱ्याला थंडीत मारतेय का?

तिने दोन्ही कान हातांनी दाबले आणि डोळे मिटले. मग काका रडायला लागले. लग्नापासून तिने त्यांना एकदाच रडताना ऐकलं होतं, त्यांची आई गेली तेव्हा. अगदी तसंच. नाक ओढत.

पाऊण तास.

मग एकदम शांत झालं.

तिने डोळे उघडले तेव्हा धुकं विरत होतं. काचेपाशी कोणी नव्हतं. समोरही कोणी नव्हतं.

समोर रस्ताच नव्हता.

दरड कोसळून कधीकाळी बंद पडलेला जुना फाटा होता तो. बॉनेटपासून दोन हातांवर रस्ता तुटला होता. खाली नुसती दरी.

तिने गाडी मागे कशी घेतली, तिचं तिला आठवत नाही. डांबरी रस्ता लागला तशी ती वर निघाली. दोन वळणं मागे, कडेच्या पांढऱ्या दगडावर काका बसले होते. बूट काढलेला. घोटा टम्म सुजलेला.

"गटारात पाय गेला," ते म्हणाले. "हाका मारत होतो. तू थांबलीच नाहीस. सरळ पुढे गेलीस."

मावशी गाडीतून उतरली आणि भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडली. काय वाटेल ते बोलली. मग त्यांना धरून ओक्साबोक्शी रडली. काका मात्र तिच्याकडे नुसते बघत होते. गाडीत बसायला त्यांनी फार वेळ लावला. पाय दुखत असेल, असं तिला वाटलं.

हे सगळं मावशीने मला सांगितलं. काकांना तिने एवढंच सांगितलंय की रस्ता चुकले, धुकं जाईपर्यंत थांबले. काचेवरच्या टकटकीचं ती बोललेली नाही. "त्यांना वाटेल, बायकोने मला ओळखलं नाही," म्हणाली.

पण गोष्ट इथे संपत नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. मावशी आत होती. काकांनी बैठकीचं दार हळूच लोटलं आणि माझ्याजवळ बसले.

"त्या दिवशीचं एक सांगू? हिला बोलायचं नाही."

मी मान हलवली.

"मी तिथे एकटा नव्हतो रे. गाडी पुढे गेली आणि पाचच मिनिटांत तुझी मावशी धुक्यातून चालत आली. म्हणाली, गाडी पुढे लावलीय. माझ्याजवळ बसली. माझा पाय मांडीवर घेतला. पाऊण तास चोळत होती."

मी लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"धुकं विरायला लागलं तशी म्हणाली, आता एक गाडी येईल. आपलीच वाटेल. माझ्यासारखी कोणीतरी खाली उतरेल. तिच्याबरोबर जाऊ नका."

"मग... तुम्ही गेलात कसे?"

"गाडीतून उतरली ती शिव्या देत उतरली. माझ्याजवळ बसलेली पाऊण तासात एकदाही चिडली नव्हती." काका हसले. पण नीट नाही. "म्हटलं, शिव्या देणारीच आपली."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"गाडी निघाल्यावर मी वळून पाहिलं. ती अजून त्या दगडावरच बसली होती; हिला मात्र ती दिसलीच नव्हती. मला हाक नाही मारली तिने. नुसती रडत होती. अगदी हिच्यासारखी." त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता. "पाय खरंच बरा वाटत होता रे तिच्या हाताने. मी तिथे कोणाला सोडून आलो?"

दोघांचंही अर्धं-अर्धं माझ्याकडे आहे, आणि कोणाचं कोणाला सांगायचा धीर होत नाही.

तेवढ्यात आतून मावशीची हाक आली. "अहो, चहा झालाय. येताय ना?"

काका उठले नाहीत. दाराकडे बघत बसले.

तिने दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मी सांगणार होतो... जायचं की नाही ते.