परसात उभी हौसा

खोटंच सांगायचं असतं तर मी माझ्या नवऱ्याची लाज अशी वेशीवर टांगली असती का? घडलं तेच सांगते. पटलं तर पटलं, नाहीतर पान उलटा. मी जाईबाई. मला लिहिता येत नाही, पुतणी लिहून घेतेय.

साल चौऱ्याऐंशी. दिवाळी नुकतीच सरलेली. वाडी आमची रत्नागिरीच्या अंगाला, मिरजोळ्याच्या पलीकडच्या कातळाखाली. वेळ तिन्हीसांजेची.

आणि एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. तेव्हा आमच्या रत्नागिरीत रेल्वे नव्हती. रूळ नव्हते, स्टेशन नव्हतं, काही नव्हतं.

तरी ती आली...

आमचे हे रेल्वेत होते. आधी फायरमन, मग ड्रायव्हर. उभा जन्म मुंबईकडे, घाटाच्या लायनीवर. मी इथे सासूच्या हाताखाली भात लावत, ढोरं राखत बसलेली. हे शिमग्याला यायचे, गणपतीला यायचे. आले की बोलायचे कुणाबद्दल?

हौसाबद्दल.

हौसा म्हणजे बाई नव्हे हो. इंजिन. कोळशावरचं काळंकुट्ट धूड. त्या लोकांत प्रत्येक इंजिनाला टोपणनाव असतं, तसं हे हिचं.

मेली बाई असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या मी!

"हौसा आज चढावर रुसली गो." "हौसाला माझ्याच हातचा कोळसा लागतो." घास तोंडात असायचा, आणि हे असलं बोलणं. मला मात्र लग्नापासून एकदाही नावाने हाक नाही. "अगो", नाहीतर "आयकलंस काय?" आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, ते मान्य. पण मग तिचं नाव दिवसातून शंभरदा का? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पेन्शनीत निघून घरी आले तेव्हा वाटलं, सुटले बाई. आता हे माझे.

कसलं काय!

वाडीत रेल्वेतून परतलेले आणखी दोघे होते. गंगारामभावजी, तेही ड्रायव्हर. आणि केरूभावजी, रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले. ऊन कललं की तिघे आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसायचे.

"ती थेरडी आठवते रे?"

"तिला काय झालंय? खोकलीपेक्षा बरी होती. खोकली नुसता धूर ओकायची."

"आणि लंगडीने मला घाटात भर पावसात बसवून ठेवलंन, ता?"

मग खदाखदा हसायचे. चहा मी करायचा.

इंजिनं संपली की गावातल्या गेलेल्या गोष्टी निघायच्या. कारखान्यांची वसाहत आली, रस्ता रुंद झाला, आणि आमच्याकडच्या खुणा एकेक करून गेल्या. कौलांच्या भट्टीचं उंच धुराडं पाडलं. केवड्याची बाव, म्हणजे जुनी विहीर, बुजवली, ती गंगारामभावजींच्या अंगणाला लागूनच होती. आमच्या परसातला बरका फणस वाऱ्यात आडवा झाला, त्याचं नुसतं खोड उरलं.

आणि या तिघांनी काय केलं माहीत आहे?

तिथून लाईन टाकली.

तोंडानेच हो! पण अगदी रीतसर. पहिलं स्टेशन धुराडं. मग केवड्याची बाव. शेवटचं स्टेशन आमचा फणस. जी जागा राहिली नाही तिथेच स्टेशन द्यायचं, असं ठरलेलं. रोज तिन्हीसांजेला गाडी सोडायचे. केरूभावजी हात वर करून सिग्नल द्यायचे, हे तोंडाने शिटी मारायचे. लांबलचक, शेवटी जराशी फाटलेली. हौसाची शिटी तशीच होती म्हणे.

मग भांडण. रोजचं.

"गाडी मी चालवणार. हौसा माझी."

"तुझी? तू बदलीचा गडी, सहदेवा. माझ्या हातात ती लोण्यासारखी चालायची, विचार शेडमध्ये कुणालाही."

दोघांची थोबाडं लाल. केस पिकलेले, दात पडलेले, आणि एका लोखंडासाठी असे डोळे वटारायचे. मी ओटीवर तांदूळ निवडत ऐकायची. खड्याबरोबर चार तांदूळही भिरकावून द्यायची.

त्या दिवाळीला गंगारामभावजी मुंबईला लेकीकडे गेले. आले ते तोंड पाडूनच.

"सहदेवा... हौसा कापली. गॅसने तुकडे केले तिचे. भंगारात गेली."

हे उठले. आत गेले, अंगावर पाणी घेतलं, आणि जेवायला बसलेच नाहीत.

सुतक पाळलं हो यांनी! माझी आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर हजर झालेला माणूस. इंजिनासाठी गादी सोडून जमिनीवर निजला.

"पिंडाला कावळा कुठून बोलावू?" मी विचारलं.

यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ताट उचलून चुलीकडे वळले.

थोडे दिवस गेले. तिन्हीसांज होती. मी देवाजवळ दिवा लावून मागच्या पडवीत आले. हे माझ्यासमोर बसून चहा पीत होते.

काहीतरी चुकल्यासारखं वाटलं...

मग कळलं. रातकिडे गप्प होते. एरवी त्यावेळी कान किटतात. वाडीतलं एकही कुत्रं भुंकत नव्हतं.

आणि मग... लांब, धुराड्याच्या बाजूने...

शिटी.

लांबलचक. शेवटी जराशी फाटलेली.

मी यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठांना बशी लागलेली होती. शिटी यांनी मारली नव्हती.

यांच्या हातातली बशी कलली. चहा धोतरावर सांडला, कळलंही नाही.

"हौसा," हे म्हणाले. बस्स, एवढंच.

सकाळी दोरीवरचे कपडे काढायला गेले तर त्यांवर काळे कण. बोटाने चोळले. कोळशाची राख. आमच्या वाडीत चुली लाकडावर, कोळसा कुणाच्याच घरी नाही.

मग रोज. तिन्हीसांज झाली की किडे गप्प व्हायचे, आणि शिटी थोडी अलीकडे यायची. पाणवठ्यावरची घागर थरथरायची. आतल्या पाण्यावर वलयं उमटायची.

केरूभावजींना सगळ्यात आधी उमगलं. गडग्यापाशी आले, पण बसले नाहीत. "लाईन आपण टाकली," म्हणाले. "स्टेशनं आपण दिली. तिला दुसरीकडे कुठे जागा उरली नाय, ती इथेच येणार." दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावून खेडला लेकाकडे निघून गेले.

गंगारामभावजी कुठे जातायत! ते उलट नटूनथटून आले. दाढी केलेली. आणि तोंडभर हसू.

"सहदेवा, लायनीवर माझं स्टेशन आधी लागतं. विसरू नको."

यांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

त्या सांजेला आवाज आला तो आधी धुराड्याकडून. मग धडधड बावीपर्यंत आली. आणि थांबली...

फुस्स... फुस्स... फुस्स...

कुणीतरी मोठं जनावर दम खात असावं, तसा आवाज. मग एक छोटी शिटी. मग काहीच नाही.

सकाळी गंगारामभावजी सापडले. बाव बुजवली होती बरोबर त्या जागी, मांडी घालून बसलेले. मांडीवर रेल्वेतली हातबत्ती. प्राण नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पडलं असेल. पण दोन्ही तळहात कोळशाने काळे होते त्यांचे. आंघोळ घालताना काळं पाणी निथळलं. तरी हातांचं काळं निघालंच नाही, तसंच नेलं.

मसणातून आल्यावर हे पडवीत बसले आणि हमसाहमशी रडायला लागले. मला वाटलं, जन्माचा सोबती गेला. पाठीवर हात ठेवला.

तर म्हणतात काय...

"त्याला आधी नेलंन गो तिने."

माझा हात तिथेच राहिला. हा माणूस दोस्तासाठी रडत नव्हता. हा जळत होता!

दुपारी यांनी ट्रंक उघडली. निळे कपडे काढले. गळ्यात रुमाल बांधला. राखेने हातबत्ती घासली, काच पुसली. मग चुलीपाशी येऊन म्हणाले, "भाकरी बांध. ड्यूटी आहे."

मी बांधली भाकरी. लसणीची चटणीही घातली.

भीती वाटली का म्हणून विचाराल. खरं सांगते, नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. अगं सटवे, तरणेपण घेतलंस त्याचं. दोन सण सोडले तर सगळं वर्ष तुझंच होतं. मला उरलंसुरलं मिळालं, पांढरे केस आणि खोकला. तेवढ्यावरही डोळा?

पेटीतून मी माझं लाल लुगडं काढलं.

लाल म्हणजे थांब. एवढं मलाही ठाऊक होतं. त्या तिघांच्या गाडीला चहा पाजून पाजून एवढं तरी शिकले असेन की नाही?

सांज झाली. हे परसात फणसाच्या खोडाजवळ जाऊन उभे राहिले. एका हातात बत्ती, काखेत भाकरीचं फडकं. नवरदेवासारखे ताठ.

किडे थांबले...

धुराड्याकडून शिटी आली.

मग धडधड. बावीपाशी थांबली नाही. सरळ आली. पायाखालचा कातळ हलत होता. मांडवावर सुकत घातलेली भांडी खाली पडली. समोर मात्र काही दिसत नव्हतं. काहीच नाही. फक्त आंब्याची पानं एकदम या बाजूला वळली, आणि कढत हवा आली, तेल आणि कोळसा यांच्या वासाची.

यांनी बत्ती वर उचलली. हिरवी काच पुढे केली. सवयीने हो, गाडी आली की हात आपोआप वर जायचा यांचा.

मी धावले. यांच्या पुढे गेले. दोन्ही हातांत लुगडं पसरून उभी राहिले आणि ओरडले...

"सहदेव माझा आहे!"

नाव घेतलं. तेही एकेरी. जन्मात पहिल्यांदा.

आणि मागून आवाज आला.

"जाई..."

काय सांगू तुम्हाला! ती हाक ऐकायला मी सगळा जन्म काढला होता. माझे डोळे भरून आले. मी मागे वळणारच होते.

"जाई, बाजूला हो गो. ती येतेय."

नावाने हाक मारली ती यासाठी.

मी नाही झाले बाजूला. लुगडं आणखी ताणून धरलं. लोखंड लोखंडावर घासल्याचा असा कर्कश आवाज झाला की माझे कान आजही दुखतात. तोंडावर वाफ आली. भुवया करपल्या माझ्या, आजपर्यंत नीट उगवल्या नाहीत.

थांबली.

माझ्या नाकासमोर. फुस्स... फुस्स...

हे पुढे आले. रिकाम्या हवेत हात ठेवला आणि थोपटलं. पाडसाला थोपटतात तसं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "थांबवलीस. आता तूच सोडायची. तू हिरवा दाखवेपर्यंत ती हलणार नाय."

"मग राहू दे उभी," मी म्हटलं. आणि फणसाचं खोड ते माड, असं लुगडं आडवं बांधून टाकलं.

पुढे बरीच वर्षं हे जगले. रोज सांजेला परसात जाऊन बसायचे. पाठ टेकून बसायचे.

कशाला टेकून? तिथे काही नाही हो. ना भिंत, ना झाड. मोकळी जागा. तरी हे मागे रेलून बसायचे आणि पडायचे नाहीत.

त्या जागी गवत उगवत नाही. कोंबड्या वळसा घालून जातात. भर आषाढात ओलं फडकं तिथे टाकलं तर सुकतं.

गेल्या वर्षी हे गेले. अंथरुणात गेले, माझा हात हातात धरून. मनात म्हटलं, बघ गो, शेवटी माझ्यापाशीच राहिले.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. सांज झाली, मी मागच्या दाराशी भांडी घासत होते. किडे गप्प झाले...

खर्रर्र. ठण्.

फावड्याने कोळसा ओढायचा, आणि मग फावडं कडेवर एकदा आपटायचं. यांची सवय होती ती. चुलीत राख ओढतानाही हे तसंच करायचे.

खर्रर्र. ठण्.

केरूभावजी खेडहून भेटायला आले होते. त्यांनी तो आवाज ऐकला. हात जोडून म्हणाले, "वयनी, सोडा आता त्यांना. लुगडं काढा."

का म्हणून काढू? लुगडं काढलं तर दोघं जातील निघून, हसत-खेळत. आणि मी इथे फणसाच्या खोडाकडे बघत बसू? आहेत ती माझ्या परसात आहेत. माझ्या डोळ्यांपुढे. उन्हाने लुगडं विटलं की मी नवं बांधते.

पण आता हात वर जात नाहीत. परवा वाऱ्याने गाठ सुटली. एक टोक खाली आलं मात्र, चाक कुरकुरल्याचा आवाज झाला. जरासंच हललं. मी तशीच खरकट्या हातांनी धावले आणि गाठ मारली. मी नसेन तेव्हा कोण मारेल? पुतणीला सांगितलं तर ती लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आणि त्या दिवसापासून हे नवीनच सुरू झालंय.

तिन्हीसांजेला मी मागच्या दाराशी तांदूळ धूत असते. किडे गप्प होतात. आणि परसातून यांचा आवाज येतो... हळू, लाडीक. जिवंतपणी कधी तसा ऐकला नाही.

"जाई..."

मी ओ देत नाही. मान खाली घालून तांदूळ धूत राहते.

"जाई..."

पुढे काय म्हणणार आहेत, ते मला माहीत आहे.