तर्रीखालचा दगड

खुशी पोह्यांच्या दुकानात ओट्याखाली उताणी पडली होती आणि सगळा दोष लिंबाचा होता. ते मिनलच्या प्लेटमधून उडी मारून खाली गेलं होतं. सुट्टीत नाशिकहून कामठीला मामाकडे आल्यापासून खुशीला एकच काम होतं. मामेबहीण मिनलच्या हातून जे जे निसटेल, ते शोधून आणायचं.

ओटा म्हणजे विटांवर आडवी टाकलेली संगमरवरी फरशी. वरून लोण्यासारखी गुळगुळीत. खालून मात्र बोटांना खाचा लागत होत्या.

"मिनल, या फरशीच्या पोटावर अक्षरं आहेत."

"तू लिंबू शोध," मिनल म्हणाली.

स्टोव्हच्या काजळीनं सगळं काळं झालं होतं, काहीच वाचता येईना. तेवढ्यात शेजारचा नागसेन, म्हणजे टोळीतला तिसरा गडी, भज्यांसाठी कालवलेलं बेसन मूठभर घेऊन आत सरपटला. त्यानं ते दगडावर फासलं आणि वरचं हातानं पुसून टाकलं. खाचांमधलं तेवढं राहिलं. ही युक्ती त्याला कशी सुचली, हे त्यानं कधीच सांगितलं नाही. बहुधा बेसन खायला आणलं होतं.

काळ्या दगडावर पिवळी अक्षरं उमटली. 'महायुद्धास गेले, रणात कामी आले. १९३९–१९४५.' खाली चार नावं होती. तिसरं नाव धोंडबा सोनू मेश्राम, वय २४, ब्रह्मदेश.

नागसेननं तिसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"हे माह्या आजोबाचे बाबा आहेत," तो म्हणाला.

त्याचे आजोबा बाबाराव दोन वर्षांचे असताना त्यांचे वडील इंग्रजांच्या फौजेतून लढाईला गेले. ना तार आली, ना पत्र. गावातले लोक म्हणत, धोंडबानं तिकडेच दुसरा संसार मांडला. बाबाराव शाळेत गेले तरी मुलं हेच चिडवायची. त्यांची माय मात्र कामठी स्टेशनवर जाऊन उतरणाऱ्या शिपायांची तोंडं बघत बसायची. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा तिनं नवऱ्याच्या वाटचंही वंदन करून टाकलं. पण गेलेल्या माणसासाठी करतात ते पुण्यानुमोदन तिनं होऊ दिलं नाही. जित्या माणसाचं करत नाहीत, म्हणे. ती गेली. बाबाराव त्र्याऐंशी वर्षांचे झाले. वडील मेले की पळाले, हे अजून त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच दुकानासमोर टेम्पो येऊन थांबला.

दुकानाचे मालक सुशीलभाऊ स्टीलचा नवा ओटा बसवणार होते. जुनी फरशी आज कापायला जाणार, तिच्या कोणाच्या तरी घरी पायऱ्या होणार. तिघांनी एकदम, एकाच वेळी, तीन वेगवेगळ्या टोकांपासून सगळं सांगितलं. सुशीलभाऊंना त्यातलं अर्धंही कळलं नाही.

"खाली अक्षरं आहेत हे मले माहीत आहे वं," ते खुशीला म्हणाले. "बाबांनीच उलटी टाकली होती. अक्षरांत तर्री अडकते ना. अन् अक्षरं तं साबणाच्या पुड्यावरही असतात. सरका आता."

पावणेआठ वाजले होते. बाबाराव रोज आठच्या ठोक्याला याच दुकानात पोहे खायला यायचे. म्हणजे पंधरा मिनिटं काढायची होती.

खुशीची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली. 'गिऱ्हाइकासमोरची प्लेट उचलू नये.' हा सुशीलभाऊंच्या वडिलांचा नियम होता आणि सुशीलभाऊ तो देवाच्या आज्ञेसारखा पाळत.

"तीन प्लेट पोहे," ती म्हणाली. "तर्री जास्त."

मग तिन्ही प्लेटा फरशीवर आल्या आणि कामठीच्या इतिहासातला सर्वात सावकाश नाश्ता सुरू झाला. नागसेन एकेक पोहा उचलून उजेडात धरून तपासत होता. मिनल प्रत्येक घासानंतर डोळे मिटून विचार करत होती. तर्रीच्या तिखटजाळ रश्शानं खुशीच्या नाकातोंडातून धूर निघायचा तेवढा बाकी होता, पण तिनं चमचा खाली ठेवला नाही. सुशीलभाऊ हात चोळत उभे होते. टेम्पोवाल्यानं पाच मिनिटं घड्याळ बघितलं, पाच मिनिटं तर्रीचा वास घेतला आणि मग एक प्लेट मागवून ती फरशीवर ठेवली. आता तोही गिऱ्हाईक झाला होता.

आठ वाजले. बाबाराव आले आणि नेहमीच्या कोपऱ्यावर कोपरं टेकून उभे राहिले.

"आजोबा," नागसेन म्हणाला. एवढा वेळ तयार केलेलं वाक्य तो विसरला. "खाली तुमच्या बाबांचं नाव आहे."

काठी भिंतीला लावून ते हळूहळू ओट्याखाली शिरले. टेम्पोवाल्यानं खाता खाता मोबाइलचा उजेड धरला. एकेक अक्षर बोटानं लावत ते तिसऱ्या नावापर्यंत गेले.

"सुशील, हा दगड तुह्यापाशी कवापासून आहे गा?"

"चाळीस वर्षं झाले, काका."

"म्हंजे चाळीस वर्षं मी बापासंगच नाश्ता करून राहिलो."

सुशीलभाऊंनी स्टोव्ह बंद केला. मग खाली मान घालून त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. दगड कोरून तयार होता. तो कुठे बसवायचा हे ठरवायला एक समिती बसली. ती बसली ती बसलीच. दरम्यान इंग्रज उठून गेले. दगड गोदामात पडून राहिला. पुढे गोदाम पाडताना वडिलांनी तो हातगाडीवर घालून आणला.

"चुकलं, काका. वाचायला पाह्यजे होतं."

"तुह्या बापानं उचलला नसता, तं फोडून त्याची गिट्टी झाली असती," बाबाराव म्हणाले आणि त्यांनी सुशीलभाऊंपुढे हात जोडले. सुशीलभाऊंना कुठे बघावं कळेना.

दगड टेम्पोत चढला, पण कापायला गेला नाही. तो वस्तीतल्या विहारात गेला.

रविवारी पुण्यानुमोदन झालं. सुशीलभाऊंनी सगळ्यांना पोहे दिले. चारही नावं मोठ्यानं वाचायचा मान खुशीला मिळाला. बाकीच्या तिघांच्या घरचं कोणी नव्हतं, म्हणून त्यांच्या नावानंही बाबारावांनीच फुलं वाहिली. विहारातले भंतेजी म्हणाले, मोठ्यांना चाळीस वर्षांत जमलं नाही ते या पोरांनी एका नाश्त्यात केलं.

बाबाराव दगडापुढे वाकले. मिनल मनातल्या मनात वजाबाकी करत होती.

"आजोबा, हे तर तुमच्यापेक्षा एकोणसाठ वर्षांनी लहान आहेत," ती न राहवून म्हणाली.

बाबारावांनी तिसऱ्या नावाकडे नीट बघितलं. वय २४. मग नातवाच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्यांनी दगडावरून हात फिरवला.

"लयच लहान होता गा," ते म्हणाले. "या लेकरांनी घरी आणून देल्ला."