न लावलेला ब्रेकपॉइंट

खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू दे. हे माझ्या मावसबहिणीसोबत, ताईसोबत घडलंय. भर दुपारी, लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणीच्या खोलीत.

दादा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, तिथेच प्रोग्रामर होता. चाचणीच्या लिफ्टचं दार उघडलं, त्याने पाऊल आत टाकलं...

आत लिफ्टच नव्हती.

"त्याच्याच कोडची चूक," दादाच्या साहेबांनी मावशीच्या तोंडावर सांगितलं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीही तिथलीच प्रोग्रामर. तिने दादाचा प्रोग्राम डीबगरमध्ये चालवला. डीबगर चालत्या प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर थांबवतो. मग आत काय चाललंय ते बघायचं आणि एकेक ओळ पुढे सरकायचं. थांबवायचं तिथे आधी ब्रेकपॉइंट लावतात, लाल ठिपका.

तिने एकही लावला नव्हता.

तरी प्रोग्राम थांबला...

दार उघडायच्या ओळीवर.

तिने पुन्हा पहिल्यापासून चालवला. पुन्हा तिथेच.

मग तिने आतल्या नोंदी पाहिल्या. लिफ्ट मजल्यावर आहे? नाही. दार उघडायचं? हो.

मधली तपासणीची ओळ कुणीतरी बंद करून ठेवली होती.

साहेब आले. स्क्रीन बघून त्यांचा चेहरा उतरला.

"ती मी बंद केली होती. चाचणी लवकर उरकावी म्हणून. परत चालू करायची राहून गेली."

"आणि नाव दादाचं घेतलंत?"

"गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" लिफ्टच्या दाराला पाठ टेकून ते म्हणाले.

चाचणीची खोली वरच्या मजल्यावर, लिफ्ट खाली तळमजल्यावर होती. दार ताईच्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं.

तिने 'पुढे चालू' दाबलं.

हो, कळूनसवरून दाबलं.

प्रोग्राम हलला नाही...

तिने परत दाबलं. परत. बोट दुखेपर्यंत दाबलं. तो त्याच ओळीवर उभा होता. साहेब बडबडत राहिले, मग दारापासून बाजूला होऊन निघून गेले.

"याला वाचवलंस?" ताई स्क्रीनवर ओरडली. "याला?"

पुढे तिने सगळ्यांसमोर ती तपासणी चालू केली. साहेबांना मावशीच्या घरी येऊन खरं सांगावं लागलं. लिफ्ट आता नीट चालते. कॉम्प्युटरवर दुसरं कुणीही बसलं तरी प्रोग्राम कुठे अडत नाही.

ताई बसली की मात्र थांबतो...

त्याच ओळीवर. ठिपका नसताना.

दादाचा आता नेमका कुणावर भरवसा उरलेला नाही, हे ती कुणाला विचारत नाही.