कळमनुरीचा समुद्र

प्रेमाला देशाच्या सीमा अडवत नाहीत. आडवा समुद्र आला तरी ते पलीकडे पोचतं. कळमनुरीत हा समुद्र दहा फूट रुंद होता आणि वरच्या बाजूनं दोन खिळ्यांना टांगलेला होता.

तो देविदास चव्हाणच्या फोटो स्टुडिओत होता. साल अठ्ठ्याण्णव. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता, त्यामुळे लोक सगळ्या गोष्टींसाठी परभणीला नावं ठेवत. स्टँडजवळच्या जुन्या स्टुडिओत ताजमहाल होता, त्याच्या समोरच्या स्टुडिओत बर्फाचे डोंगर होते. देविदासला तिसरंच काही हवं होतं. ते त्याला औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर सापडलं. निळा समुद्र, पांढरी वाळू, उतारावर चुना फासलेली घरं, एक निळा घुमट, आणि उजवीकडे पडक्या देवळाचे उंच खांब. खाली इंग्रजीत चार ओळी होत्या, त्या त्यानं कॉलेजातल्या सरांकडून वाचून घेतल्या. ग्रीस देशातलं बेट. लोक तिथं सुटीला जातात, वाळूवर पडून राहतात आणि दिवस मावळताना पडकं देऊळ बघायला डोंगर चढतात.

पडदा रंगवायला त्यानं औंढ्याहून पेमाला बोलावलं. पेमा देवळांचे दरवाजे आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. समुद्र त्यानं एका दमात काढला, पण खांबांपाशी आल्यावर ब्रश खाली ठेवला. मोडकं देऊळ काढणार नाही म्हणाला; बघणारे म्हणतील, पेमाला पुरं करता आलं नाही. देविदासनं चहावर चहा पाजला तेव्हा कुठं खांब मोडके राहिले. सकाळी येऊन बघतो, तर निळ्या घुमटावर भगवा झेंडा फडकत होता. घुमट उघडा ठेवायचा नसतो, एवढं सांगून पेमा एसटीत बसला.

रुपा राठोड पहिल्यांदा आली ती बाजाराच्या दिवशी, आई जिवनबाईबरोबर. खरं तर त्या निघाल्या होत्या ताजमहालकडं. तिथं एका बारशाची गर्दी होती म्हणून इकडं वळल्या. कळमनुरीजवळच्या तांड्यावरची पोरगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. स्थळाला दाखवायला फोटो पाहिजे होता. जिवनबाईंनी आत पाऊल टाकलं, घुमटावरचा झेंडा बघितला, मागं फिरून चपला दाराबाहेर काढल्या आणि हात जोडले. मग बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर टेकल्या आणि पंख्याखाली पेंगू लागल्या.

रुपानं मात्र पडदा नीट बघितला. गालावर आलेली बट कानामागं सारली, सारलेली पुन्हा पुढं आली, आणि देविदासला त्या क्षणी कॅमेऱ्याचं झाकण काढायचं असतं हे आठवेना.

"कुठं उभी राहू?"

"वाळूवर... म्हणजे तिथं, डावीकडं. समुद्राकडं पाठ करून."

"हितली माणसं काय करत्यात?"

"काही न्हाई. वाळूवर पडून राहत्यात."

"आजारी असत्यात?"

"न्हाई... सुटी असते त्यांना."

"आमच्या तांड्यावर असं कुणी पडलं, तर भगताला बोलावत्यात," रुपा म्हणाली आणि हसली. हसू ओठांवरून उतरायच्या आत देविदासनं बटण दाबलं.

त्या काळी फोटो काढला म्हणजे दिसला असं नव्हतं. रोल संपेपर्यंत थांबायचं, संपला की तो धुवायला नांदेडला जायचा, तिकडून आला की कळायचं आपण कसे दिसतो. कळमनुरीत रोल लवकर संपत नसे. देविदासनं आधारकार्डाच्या आधीच्या त्या जमान्यात पासपोर्ट साइजची गिऱ्हाइकं शोधून शोधून रोल संपवला आणि स्वतः नांदेडला नेला. फोटो आला. वाळू झकास, समुद्र झकास, रुपाची बट जागेवर. डोळे मिटलेले.

फोटो बिघडला की दुसरा फुकट, हा धंद्याचा कायदा. पुढच्या बाजाराला मायलेकी पुन्हा आल्या. या वेळी ती खांबांपाशी उभी राहिली. देविदासनं सांगितलं की हे देऊळ हजारो वर्षांचं आहे, लोक लांबून बघायला येतात. रुपानं विचारलं, पडकं दाखवायला बोलावतात आणि कुणी दुरुस्त करत नाही? देविदास म्हणाला, तिथं मोडलेलं तसंच जपून ठेवतात. मग ती आईकडं बघून हळूच म्हणाली,

"एक विचारू? बाकीच्या गिऱ्हाइकाला तुमी काका म्हणता. आमच्या बापाला मामा काहून म्हणता?"

देविदास लेन्स पुसू लागला. लेन्स स्वच्छ होती. काका म्हटलं की मुलगी बहीण होते. मामा म्हटलं की होत नाही. एवढी पेरणी त्यानं पहिल्याच भेटीत, चिठ्ठीवर नाव लिहून घेतानाच करून ठेवली होती. "प्रेमसिंगमामांचं घर का?" असं तो जिवनबाईंना म्हणाला होता, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही असं त्याला वाटत होतं.

"सवय हाय," तो म्हणाला.

"चांगली सवय हाय," रुपा म्हणाली.

डोळे याही वेळी मिटलेले निघाले. तिसऱ्या खेपेला ती घुमटाखाली उभी राहिली. त्या दिवशी देविदासनं तिला बेटावरची संध्याकाळ सांगितली. सूर्य पाण्यात बुडतो तेव्हा सगळं गाव कट्ट्यावर येऊन बसतं आणि कुणी कुणाशी बोलत नाही. यातलं कॅलेंडरवर निम्मंही नव्हतं. आता ते बेट देविदासचं कमी आणि दोघांचं जास्त झालं होतं. फोटोत पुन्हा डोळे मिटलेले. जिवनबाईंचं मत पडलं, की समुद्राचं वारं पोरीला सोसत नाही.

मग एके दिवशी खुद्द प्रेमसिंग राठोड आले. देविदासनं त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि आजवर आरशासमोर घोकलेलं वाक्य एका दमात सांगून टाकलं, की मामा, रुपा मला पसंत आहे, तुमची परवानगी असेल तर घरच्यांना पाठवतो. प्रेमसिंग चिडले नाहीत. माणूस न्यायाचा. त्यांनी खिशातून तीन फोटो काढले आणि काउंटरवर ओळीनं मांडले.

"हे तुझंच काम ना? तीन डाव झाले. तुला साधे पोरीचे डोळे उघडे धरता येईनात, तू संसार काय करशील?"

देविदासच्या धंद्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं आणि ठेवलं ते नेमकं इथं.

"वसमतचं स्थळ आलंय. साखर कारखान्यात क्लार्क हाय पोरगा," प्रेमसिंग उठता उठता म्हणाले. "त्यांना फोटो पाहिजे. तू पहिलं एक धड फोटो काढून दाखव. मग तुझं बघू."

देविदासच्या कानात फक्त शेवटचे तीन शब्द राहिले.

चौथ्यांदा रुपा आली तेव्हा जिवनबाई बाहेर बांगड्या बघत थांबल्या. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि स्टुडिओत दिव्यांमुळं उकडत होतं. रुपा पडद्याच्या मधोमध उभी राहिली. वाळू एका हाताला, खांब दुसऱ्या हाताला.

"आज काय करू?" ती म्हणाली.

"म्हंजे?"

"डोळे. उघडे ठेवू, का मिटू?"

देविदासनं कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं.

"तुमी... मुद्दाम?"

"वारं काय तीनदा लागतं व्हय?" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "उघडे ठेवले तर फोटो वसमतला जातो. मिटले तर मी पुढच्या बाजाराला येते. सांगा तुमी."

"मामा म्हणाले, धड फोटो काढ, मग बघू."

"बाप हाय माझा. त्याचं 'मग बघू' मला म्हाईत हाय."

देविदासला तेव्हा काय दिसत होतं, तर काउंटरवर ओळीनं मांडलेले तीन फोटो. ते पुसून निघाले पाहिजेत, एवढंच दिसत होतं. प्रेम त्याचं खरंच होतं. पण बदनामीही खरी होती, आणि ती ताजी होती.

"उघडे ठेवा," तो म्हणाला.

"बराबर?"

"फोटो लई चांगला यील."

रुपा त्याच्याकडं बघत राहिली. राग नव्हता त्या नजरेत, विनंतीही नव्हती. बेटावरून शेवटची होडी सुटताना काठावरचं माणूस बघतं तसं काहीतरी होतं. पापणी हलली नाही. देविदासनं बटण दाबलं.

तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो होता. निम्मा रोल वाया घालवून तो नांदेडला गेला आणि धुऊन घेऊन आला. नजर अशी सरळ होती, की फोटो ज्याच्या हातात असेल त्याला वाटावं, ही आपल्याचकडं बघून राहिली. प्रेमसिंगांनी देविदासच्या पाठीवर थाप मारली, मानलं तुला म्हणाले, आणि फोटो वसमतला पाठवला. तिथं तो दिपक जाधव नावाच्या क्लार्कच्या हातात गेला आणि त्यालाही तसंच वाटलं. त्याच्या आईनं घुमट आणि झेंडा पाहिला, मागं समुद्र पाहिला, आणि पोरगी लहान वयात द्वारका करून आली म्हणून लगेच होकार कळवला. देविदासचं बघायचं राहिलं ते राहिलंच. पुढच्या वेळी रस्त्यात भेटल्यावर त्यानं प्रेमसिंगांना चुकून काका म्हटलं. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.

लग्नानंतर जोडपं देवदर्शनाला औंढ्याला गेलं आणि येताना कळमनुरीला उतरलं. दिपकरावांनाच ती जागा बघायची होती, जिथं तो फोटो काढला. पडदा बघून ते मोकळेपणानं हसले. माणूस चांगला होता. हे नेमकं आहे कुठलं, असं त्यांनी देविदासला विचारलं. देविदास काही बोलायच्या आत रुपानं सांगायला सुरुवात केली. डोक्यावरचा पदर सावरत, सावकाश, जाऊन आलेल्या माणसासारखं.

"हितं वाळूवर माणसं पडून राहत्यात. आजारी नसत्यात, सुटी असते. ते देऊळ लई जुनं हाय, पण कुणी दुरुस्त करत न्हाई. मोडलेलं तसंच जपत्यात. सांजच्याला सगळं गाव त्या कट्ट्यावर येऊन बसतं, आन् कुणी कुणाशी बोलत न्हाई."

"तुला काय म्हाईत गं?" दिपकराव म्हणाले.

"ऐकलंय," रुपा म्हणाली.

देविदासनं दोघांना खांबांपाशी उभं केलं. दिपकरावांना मान जरा वर करायला सांगितली. रुपाला काही सांगितलं नाही. ती कॅमेऱ्यात बघत होती. त्यानं बोट बटणावर ठेवलं आणि, फ्लॅश पडायच्या आत, तिनं सावकाश डोळे मिटून घेतले.

फोटो वसमतला पोस्टानं गेला. देविदासनं दुसरा फुकट काढून द्यायला कायद्याप्रमाणं बोलावलं, पण कुणी आलं नाही. त्या मिटलेल्या डोळ्यांवर तो पुढची कितीतरी वर्षं जगला. आपल्यासाठी म्हणून जगात एवढं एकच काही राहिलंय, असं तो समजत होता.

दोन हजार चार साली वसमतला कॉम्प्युटरवाला स्टुडिओ निघाला. तिथं मिटलेले डोळे उघडून मिळतात. दिपकरावांनी ते उघडून घेतले.