पेडलची मोकळीक

गाडीत आवाज आला की कुठेतरी काहीतरी सैल झालेलं असतं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. बाकी हवेतल्या गप्पा मला खपत नाहीत. म्हणूनच हे सांगताना माझा मलाच राग येतोय.

खाली माझं गॅरेज, वर आम्ही राहतो. मी, बायको आणि माझी धाकटी बहीण. तिला घरात सगळे चिमणीच म्हणतात. अपघातानंतर तिचा डावा पाय नावापुरता उरला होता. गुडघा वाकायचा, पण जोर म्हणून नाही. चालायचं तर काठी, कठडा नाहीतर कुणाचा तरी खांदा. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका औषधांच्या दुकानात तिला नोकरी लागली, तेव्हा म्हणाली की रोज कुणाच्या तरी मिनतवाऱ्या करत जाणार नाही, बाबांची गाडी चालू करून दे. त्या गाडीचं इंजिन केव्हाच जाम झालं होतं. पण या पोरीने जन्मात कधी तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

भंगारात इंजिन मिळालं ते दुसऱ्याच बनावटीचं, आमच्यापेक्षा थोरलं. इंजिन बसवायला काय, कुणीही बसवेल. खरी डोकेदुखी क्लचची. क्लच प्लेट मधोमध बसते. तिचा बाहेरचा घेर इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला जुळायला हवा आणि मधल्या भोकाचे दाते गिअरबॉक्सच्या दांड्याला. सासर-माहेर दोन्हीकडे पटवून घेणारी सून शोधण्यातला प्रकार. अख्खा बाजार पालथा घातला, अशी प्लेट नव्हतीच. शेवटी प्लेटांवर लायनिंग, म्हणजे घासणारा थर, ठोकून देणाऱ्या म्हाताऱ्याकडे दोन्ही गाड्यांच्या जुन्या प्लेटा टाकल्या आणि सांगितलं, हिचा मधला भाग काढून तिच्यात बसव. त्याने दिलेली प्लेट दांड्यावर सरकवली तर अलगद जाऊन बसली. माझ्या हातून कुठलीही जोडणी अशी पहिल्या फटक्यात जमलेली नाही. मला उगाचच अस्वस्थ वाटलं.

आता क्लचच्या पेडलला बोटभर मोकळीक ठेवायची असते. पहिलं बोटभर पेडल रिकामंच जायला हवं, नाहीतर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि प्लेट घासून जळते. हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण चिमणीचा पाय त्या बोटभरातच दमायचा. मग तिला सीटवर बसवलं आणि बॉनेटखाली वाकून केबलचा नट आवळत गेलो. आता कसं वाटतंय? आणि आता? मापाने नाही, तिच्या पायाने क्लच लावला. मोकळीक उरलीच नाही. म्हटलं, पाय सरावला की देऊ सैल करून.

ती गाडी चालवायला लागली. पेडल अगदी हलकं आहे म्हणाली. मग एके दिवशी काठी न घेताच जिना उतरली. मी हातातला पाना ठेवून बघतच राहिलो. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी गुडघा तपासला आणि जोर अजून आलेला नाही म्हणाले. मग ही चालते कशी, असं बायकोने विचारलं, तर मनाची उभारी म्हणाले. उभारी तर उभारी. आम्हाला काय, आंधळा मागतो एक डोळा.

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मी मोकळीक द्यायला म्हणून बॉनेट उघडलं. इंजिन बंद. गाडीत कुणी नाही.

केबल हलत होती. ताणली जायची, सैल पडायची, पुन्हा ताणली जायची. काचेतून आत डोकावलो तर पेडल आपलं आपण खाली जात होतं, वर येत होतं.

डोक्यावर चिमणी चालत होती. स्वयंपाकघरातून गॅलरीकडे, गॅलरीतून परत. ती थांबली. केबल थांबली. ती निघाली, केबल निघाली.

जुनी इमारत आहे, हादरे बसत असतील, असं मी मोठ्याने म्हणालो. कुणाला म्हणालो कोण जाणे. पाना लावला आणि नट अर्धा फेरा सैल केला.

वर धप्पकन आवाज झाला.

धावत गेलो. चिमणी जमिनीवर बसली होती, मांडी दोन्ही हातांनी धरून. लागलं काही नव्हतं.

"पाय गेला, दादा," ती म्हणाली. "कुणीतरी काढून घेतल्यासारखा."

मी खाली आलो आणि नट पुन्हा होता तिथे आवळला. क्षणभराने डोक्यावर पावलं वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याकडे गेलो. तशीच आणखी एक प्लेट करून दे म्हटलं. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. माझ्या दोन्ही जुन्या प्लेटा त्याच्या फळीवर तशाच पडल्या होत्या, न खोललेल्या.

"यांची रिव्हिटांची भोकंच जुळत नाहीत. तेव्हाच सांगितलं होतं तुला," तो म्हणाला. "ती तिसरी तूच घेऊन आलास. मी नुसती पुसून दिली."

त्यानंतर मला झोप नाही. दिवसातून कितीदा बॉनेट उघडतो, नटाला हात लावतो आणि मागे घेतो. प्लेट झिजत चालली आहे. चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरत नाही. नट सैल केला तर पाय आत्ताच जातो. नाही केला तर प्लेट संपेल तेव्हा जाईल.

चिमणीला म्हटलं, फार चालू नकोस, जरा बसत जा.

"इतकी वर्षं बसूनच होते की," ती हसली. "आणि ती गाडी देऊन टाक आता भंगारात. मी बसने जाईन. स्टॉपपर्यंत पळत जाते, माहितेय?"



आज सकाळपासून ती कामाचा डोंगर उपसतेय. आत्ता ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर निघाली आहे. गुणगुणतेय. एकदम दोन-दोन पायऱ्या चढतेय, ऐकू येतंय मला.

गाडी बंद आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. बॉनेटच्या फटीतून जळक्या लायनिंगचा वास येतोय.